‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणणाऱ्यांनो, काष्टीला या!

आयर्लंडच्या संसदेत एखादा किनारपट्टीचा खासदार एकाच आठवड्यात चार मंत्र्यांना धारेवर धरतो. मत्स्यव्यवसाय मंत्र्याला तो विचारतो की आमच्या बंदरातल्या बोटींच्या वाट्याची मासळी कोणी कापली? समाजकल्याण मंत्र्याला विचारतो की अमक्या कुटुंबाचा भत्ता कुठे अडला? आरोग्यमंत्र्याला विचारतो की अमक्या परगण्यातल्या म्हाताऱ्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया कधी होणार? आणि गृहनिर्माण मंत्र्याला, की या बाईला घर कधी मिळणार? माणसाचे नाव छापत नाहीत; तपशील सोबत जोडला आहे, एवढेच लिहितात. काही दिवसांत मंत्र्याच्या नावाने लेखी उत्तर येते आणि ते जगाला वाचता येते. आयर्लंड म्हणजे रामराज्य नव्हे. तिथेही घरांची टंचाई भयंकर आहे, दवाखान्यांत रांगा आहेत आणि मंत्र्यांची उत्तरे पुष्कळदा टोलवाटोलवीची असतात. पण एका म्हाताऱ्याचा खुबा हा राज्याच्या मंत्र्याला विचारण्याचा विषय आहे, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आणि आमच्याकडे? नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीच्या एका म्हातारीचे घरकुल अडले, तर ती तलाठ्यापासून आमदाराच्या स्वीय सहायकापर्यंत सगळ्यांच्या पायऱ्या झिजवते. तिचा अर्ज फायलीत सडतो, पण विधिमंडळाच्या छापील कागदावर तिचे दुःख कधी उमटत नाही. उमटलेच, तर उत्तर ठरलेले. आमच्या तारांकित प्रश्नांचा साचा पाहा: अमुक घडले, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली; नसल्यास, विलंबाची कारणे काय? खाली मंत्रिमहोदयांचे उत्तर: हे खरे नाही. किंवा, अंशतः खरे आहे. आणि शेवटच्या कलमाला तो राजदंड, ‘प्रश्न उद्भवत नाही’! अहो, माणूस मेला, घर पडले, नदी नासली, तरी प्रश्न उद्भवत नाही? मग तो उद्भवायला आणखी काय व्हावे लागते?

८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारले गेले की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय? केंद्राच्या श्रम मंत्रालयाने उत्तर दिले की अशी माहिती ठेवलेलीच नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. ज्या सरकारला मेलेल्याची मोजदाद करायची लाज वाटते, त्याने जिवंत माणसाच्या मताची मोजदाद कोणत्या तोंडाने करावी? त्या अधिवेशनात तोंडी प्रश्नोत्तराचा तासच गुंडाळून ठेवला होता. साथीचे निमित्त होते. निमित्ताला आपल्याकडे कधी तोटा पडलेला नाही.

मुंबई-नागपूरची कथा वेगळी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्र्यांनी १५ तारखेला नागपुरात शपथ घेतली, १६ ते २१ अधिवेशन भरले आणि खातेवाटप जाहीर झाले ते २१ तारखेला, अधिवेशन उरकल्यावर! १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखायला सगळे वऱ्हाड नागपूरला गेले, पण आरोग्याचा जाब कोणाला विचारायचा आणि घरांचा कोणाला, हेच सहा दिवस ठरलेले नव्हते. २०२५ चे अख्खे साल विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. आणि त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याची चित्रफीत राज्याने पाहिली. आपण खेळत नव्हतो, असे ते म्हणाले. मग खाते बदलले, मंत्रिपद तेव्हा राहिले. रमीची चर्चा कित्येक दिवस चालली. त्या दिवसांत शेतकऱ्यांच्या किती प्रश्नांना उत्तरे मिळाली, याची चर्चा आम्ही कुठे ऐकली नाही.

आता काष्टीच्या आसपास पाहा. दक्षिणेला भीमा. तिला रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा मिळते आणि पुणेकरांचे सांडपाणी घेऊन ही नदी दौंडवरून खाली उजनीच्या पाणलोटात शिरते. पूर्वी या नदीवर भोई-कोळ्यांची चूल पेटे. आज जाळ्यात चिलापी येते आणि पाण्यावर फेस येतो. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. उत्तम! पण नदी साफ करणारा दर्जा कोणता, ते कोण सांगणार? २१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटली आणि सहा जीव गेले. काठावरची माणसे वर्षानुवर्षे पूल मागत होती. सरकारला पूल आठवतो तो प्रेते मोजायची वेळ आल्यावर.

कुटुंबांचे म्हणाल, तर गळीत हंगामात श्रीगोंद्याच्या शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरायचा, मुकादमाची उचल फेडायची आणि पोरांची शाळा सोडायची, ही आमच्या साखरेची खरी रीत. २०१९ मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी हा विषय उपस्थित केला, तेव्हा सरकारला कबूल करावे लागले की शेजारच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. चार हजार सहाशे पाच! पाळी आली तर खाडा, खाडा झाला तर दंड, म्हणून बाईने अवयवच काढून टाकावा अशी अर्थव्यवस्था आम्ही चालवतो आणि तिच्या बळावर कारखान्यांच्या सभांत टाळ्या वाजवतो. पण इथेच एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रश्न विचारला म्हणून आकडा बाहेर आला. विचारला नसता, तर त्या ४,६०५ जणींचा प्रश्नही उद्भवला नसता.

आरोग्याचा तर हिशेबच मागायला नको. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयात दहा तान्ह्या जिवांचा आगीत बळी गेला. राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याच्या घोषणा झाल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आमच्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले. दहा महिने काय तपासले? कोणी तपासले?

घरकुलाचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, घर २५ चौरस मीटरचे. विटा, वाळू, सळई आणि गवंड्याची मजुरी यांचे भाव काष्टीतला शेंबडा पोरगाही सांगेल. एवढ्या पैशात जोत्यावर किती भिंत उभी राहते, ते मंत्र्यांनी स्वतः बांधून दाखवावे. आणि ज्याला जागाच नाही, त्याने हप्ता कुठे पुरायचा? घरकुले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे पाहणारी नगरची जिल्हा परिषद मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासकाच्या हाती गेली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेला एकही सदस्य तिथे नव्हता. म्हणजे मुंबईत उत्तर नाही आणि नगरात विचारणाराच नाही. ही लोकशाही म्हणायची की कुलूप लावलेले सरकारी दप्तर?

नगरच्या मातीला हे सांगायचे म्हणजे लाज वाटते. ३१ मे आणि १ जून १९१६ ला टिळक याच नगरात होमरूलवर बोलले. तो होमरूल आयर्लंडकडूनच घेतलेला. त्याआधी १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद आल्फ्रेड वेब या आयरिश खासदाराने भूषवले होते. टिळकांनी नगरच्या लोकांना सांगितले ते एवढेच की आपल्या घरचा कारभार आपल्या हाती हवा. त्या भाषणांवर इंग्रजांनी खटला भरला आणि उच्च न्यायालयात तो टिकला नाही. कारभार हाती आला. त्या कारभाराला जाब विचारायची जीभ मात्र आम्ही गहाण टाकली.

काष्टीला मंत्रालयाची पायरी नवी नाही. बबनराव पाचपुते याच गावचे, राज्याचे मंत्री राहिले. आजचे आमदार विक्रम पाचपुतेही इथलेच. दोष एका घराण्याचा नाही. सत्ताधारी बाकावरून प्रश्न विचारणे म्हणजे बेइमानी, हा रोग सगळ्याच पक्षांना जडला आहे आणि तो मतदारांनी पोसला आहे. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात मोजल्याशिवाय पैसे सोडत नाही, पण पाच वर्षांनी मत देताना हाच शेतकरी डोळे मिटून घेतो.

तेव्हा काष्टीकरांनो, येत्या अधिवेशनाआधी आमदारांकडे चार प्रश्न लेखी द्या: भीमेचे पाणी, कोप्यांतल्या बायका, तालुक्यातला दवाखाना, अडलेली घरकुले. पोच घ्या. अधिवेशन संपले की विधिमंडळाची छापील उत्तरे मागा आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचा. जिथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिलेले सापडेल, तिथे त्या खात्याच्या मंत्र्याला ग्रामसभेचा ठराव करून काष्टीला बोलवा. आला नाही, तर पुढच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची गाडी वेशीवरच अडवून हाच प्रश्न पुन्हा विचारा.