‘रिफिफी’च्या बाजूने

ज्या चित्रपटात चोरी दिसते तो चित्रपट चोरी शिकवतो, असा एक सोयीस्कर सिद्धांत आपल्यातली काही सज्जन मंडळी वर्षानुवर्षे उराशी धरून बसली आहेत. या न्यायाने रामायण परस्त्रीहरण शिकवते, असेच म्हणावे लागेल! या मंडळींना आमची एवढीच विनंती, की ज्यूल्स डॅसिनचा १९५५ सालचा ‘रिफिफी’ हा फ्रेंच कृष्णधवल चित्रपट त्यांनी नीट पाहावा आणि मग बोलावे.

पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याची पेढी चौघेजण रात्री फोडतात. सुमारे अर्धा तास हे काम चालते, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर एक संवाद नाही की पार्श्वसंगीत नाही. वरच्या बिऱ्हाडाची जमीन फोडताना चुन्याची ढेकळे खाली वाजू नयेत, म्हणून भोकातून छत्री सोडायची आणि ती खाली उघडायची. धोक्याच्या घंटेत आग विझवण्याचा फेस भरून तिची वाचाच बसवायची! पाहणाऱ्याला चोरीचा विसर पडतो. आपण एखाद्या घड्याळजीच्या खांद्यावरून डोकावतो आहोत असे वाटते. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी या प्रसंगासाठी संगीत रचले होते. डॅसिनने तो त्यांना संगीतासह आणि संगीतावाचून दाखवला, तेव्हा संगीत नकोच, हे ओरिक यांनीच मान्य केले. नायिकेने दार लोटले तरी पन्नास व्हायोलिने किंचाळवणाऱ्या आमच्या संगीतकारांना हे कोणी सांगेल काय?

आता शिकवणुकीचे पाहू. चौघांपैकी एकही जिवंत राहत नाही. सेझार हा एका गायिकेसाठी अंगठी खिशात टाकतो आणि तिथूनच सारे फसते. धाकापुढे नमून तो साथीदाराचे नाव सांगतो. म्होरक्या टोनी त्याला गोळी घालतो. हा सेझार खुद्द डॅसिननेच, पर्लो व्हिटा या नावाने, रंगवला आहे. आणि १९५१ साली अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून याच डॅसिनचे नाव त्याच्याच व्यवसायबंधूंनी चौकशी समितीपुढे घेतले होते! हॉलिवूडची दारे त्याला बंद झाली ती त्या काळात. योगायोग म्हणा हवे तर. पण तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो.

आक्षेपच घ्यायचा तर एक जागा आम्हीच दाखवतो. तुरुंगातून सुटलेला टोनी आपल्या जुन्या मैत्रिणीला कमरेच्या पट्ट्याने फोडून काढतो. तो प्रसंग आम्हांला मुळीच रुचला नाही. तिजोरीसाठी हळहळणाऱ्या सज्जनांनी तिच्यासाठी मात्र ब्र काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.