जमिनीस वंशपरंपरेचें कुलूप नको

हल्लीं आपल्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील कांहीं सधन कुटुंबांत असा विचार बोलला जातो कीं, सर्व शेतजमीन कौटुंबिक न्यासाच्या नांवें करावी, म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहील. हेतु चांगला आहे. परंतु हा मार्ग कायद्यास मान्य नाहीं व अनुभवासही पटत नाहीं, असें आमचें मत आहे.

कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर ह्यांनीं ख्रिस्ती झालेल्या मुलास वगळून, मिळकत पुतण्याकडे व पुढें पुरुषवंशांतच कायम चालावी असें मृत्युपत्र केलें. १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ती कायमची परंपरा रद्द ठरविली. पुतण्यास हयातीपुरता उपभोग मिळाला, व त्यापुढील हक्क वगळलेल्या मुलाचाच ठरला! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेंही हद्द घातली आहे: हयात माणसांचें आयुष्य व त्यामागून एका अज्ञानाचें सज्ञान होणें, ह्यापलीकडे हक्क लांबवितां येत नाहीं. धर्मादाय दानास ही हद्द नाहीं. पण स्वतःच्या वंशाचें पोषण म्हणजे धर्मादाय नव्हे. मुसलमान बांधवांच्या कौटुंबिक वक्फास १९१३ च्या कायद्यानें मान्यता दिली, तीही शेवटीं मिळकत धर्मकार्यास लागावी ह्या अटीवर.

परदेशांतही हा वाद आहे. अमेरिकेंतील साउथ डाकोटा राज्यानें १९८३ सालीं अशी हद्द उठविली. परंतु डेलावेअर राज्यानें १९९५ सालीं ती उठवितांना, न्यासांतील प्रत्यक्ष जमिनीस ११० वर्षांची मर्यादा ठेविली.

आपणांस इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. निजामी अमलांतील मदतमाश इनामें वंशपरंपरेनें चालत. ज्याच्या नांवें सनद तो इनामदार, व नांगर धरणारा निराळाच, असें कितीतरी गांवीं होतें. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानें हा प्रकार मोडला. तरी अशा जमिनींच्या विक्रीवर परवानगीची अट राहिली, आणि परवानगीवांचून झालेल्या व्यवहारांचा घोळ पुढील पिढ्यांच्या गळ्यांत पडला. आजा बांधून ठेवतो; गांठ सोडवितां सोडवितां नातू कचेरीचे उंबरे झिजवितो.

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. न्यासाच्या पुष्कळशा चर्चेमागें मुलींचा हिस्सा टाळण्याची इच्छा असते. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व मध्यवर्ती सरकारनें २००५ सालीं हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः हक्क दिला आहे. एकत्र मिळकतींतील तिचा हिस्सा बापास एकट्याच्या सहीनें न्यासांत घालतां येणार नाहीं. तसा लेख करणें म्हणजे भाऊबहिणींस दाव्याचें बियाणें वांटणें होय.

मग तुकडे कसे टळतील? मालकी व वहिवाट ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कर्त्या पुरुषानें हयातींतच, सर्वांच्या संमतीनें, महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणें वांटणी करून प्रत्येकाचें नांव सात-बारावर आणावें. विहिरीची पाळी, वाट व बांध ह्यांचा लेख स्पष्ट असावा. स्वकष्टार्जित जमिनीपुरतें मृत्युपत्र करावें. नंतर भावंडांनीं राजीखुषीनें पेरणी एकत्र ठेवावी. तीस कोणताही कायदा आड येत नाहीं.

घर एकोप्यानें टिकतें, दस्तानें नव्हे. वाचकांनीं न्यासाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं आपला सात-बारा व फेरफार एकदां नीट वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.