परदेशी यंत्रें आणि आपली वीज

आमच्या शेतकरी बंधूंचीं मुलें आतां अमेरिकेंत, जपानांत नोकरीधंद्यासाठीं राहूं लागलीं आहेत आणि सुटीवर घरीं येतांना शेताच्या उपयोगाचें एखादें यंत्र बरोबर आणण्याची चाल पडत चालली आहे. प्रेमानें आणलेल्या वस्तूस नांवें ठेवणें कोणासही गोड लागत नाहीं. तथापि तें काम कोणीतरी करणें जरूर असल्यामुळें आम्ही तें पत्करीत आहों.

मूळ गोष्ट अशी कीं, आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात. अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टची व ६० आवर्तनांची आहे. जपानांत दाब १०० व्होल्ट. आवर्तनें मात्र पूर्वेस ५० व पश्चिमेस ६०, कारण तोकियोनें १८९५ च्या सुमारास जर्मन जनित्रें घेतलीं आणि ओसाकानें त्यानंतर थोडक्याच काळांत अमेरिकन घेतलीं. ती दुही अद्याप मिटलेली नाहीं, आणि २०११ च्या भूकंपानंतर पश्चिमेची वीज पूर्वेस हवी तितकी देतां आली नाहीं ती याच कारणानें. एका देशांत जेथें ही अडचण, तेथें दोन खंडांच्या यंत्रांचें आपोआप जुळेल अशी आशा कशी धरावी?

दाब दुप्पट झाला म्हणजे तापणाऱ्या तारेची उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. १२० व्होल्टचें यंत्र २३० वर लावल्यास हिशेबानें ती साडेतीन पटींहून अधिक भरते. याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या घरींच आला. पुतण्यानें अंडीं उबवण्याची एक सुबक पेटी अमेरिकेहून आणली. तिच्यासाठीं दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही घेतला होता व सतरा दिवस सर्व यथास्थित चाललें. अठराव्या दिवशीं घर सारवण्याच्या निमित्तानें गड्यानें पेटी दुसऱ्या खोलींत नेली, जड ट्रान्सफॉर्मर जागींच ठेवला, आणि प्रवासाच्या पिशवींतील लहानसा अ‍ॅडॅप्टर लावून पेटी सरळ भिंतींतील वीजेस जोडली. क्षणांत धूर निघाला. दुसरी सोय होईपर्यंत अंडीं थंड पडलीं तीं पडलींच. गड्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. अ‍ॅडॅप्टर फक्त दांड्यांचा आकार बदलतो, दाब तसाच राहतो, हें त्याला कोणी सांगितलें होतें? भोंकांत दांड्या नीट बसल्या म्हणजे यंत्र चालावें, असेंच कोणाही समंजस माणसास वाटेल. ज्या यंत्राचा नाश एका साध्या चुकीनें होतो तें अनेक हात लागणाऱ्या शेतघरांत कितपत योग्य, हा आमचा पहिला प्रश्न आहे.

“ट्रान्सफॉर्मर लावला कीं झालें,” असें पुष्कळांचें म्हणणें. तें निम्मेंच खरें. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, आवर्तनें बदलत नाहीं. ६० आवर्तनांसाठीं घडवलेली साधी मोटार ५० वर सुमारें पांच षष्ठांश वेगानें फिरते. पंपाच्या बाबतींत याचा अर्थ फार वाईट होतो: पाणी त्याच प्रमाणांत घटतेंच, पण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. म्हणजे तेथें ६० फूट पाणी चढवणारा पंप येथें ४२ फुटांच्या आसपास थकतो. शिवाय आवर्तनें कमी झालीं व दाब १२० च राहिला तर मोटारीचें लोखंड चुंबकत्वानें तुडुंब भरतें व ती उगाच तापते. अशा मोटारीस १०० च्या जवळपास दाब देणें हितावह. विकणारा मात्र हें सांगेल अशी खात्री नाहीं.

ट्रान्सफॉर्मर प्रमाणानें चालतो हेंही ध्यानांत असावें. २३० चे ११० करणाऱ्यास खेड्यांतील उतरलेले १७० व्होल्ट मिळाले तर तो ८१ च देतो. रात्रीं पंप बंद पडून दाब २६० वर गेला तर १२४ देतो. मोटार सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते, म्हणून पाटीवरील आंकड्याच्या दुप्पट तिप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो जड असतो, महाग असतो, आणि काम नसतांही जोडून ठेवला तर थोडी वीज खातच राहतो. बाजारांत हलके, स्वस्त ‘कन्व्हर्टर’ही मिळतात, त्यांपैकीं पुष्कळ केवळ तापणाऱ्या तारेच्या उपकरणांपुरते असतात, मोटारीस किंवा नाजूक यंत्रणेस ते घातक ठरतात.

सर्वांत अधिक भीति आम्हांस तिसऱ्या दांडीची वाटते. प्रवासी अ‍ॅडॅप्टर बहुधा जमिनीशीं जोडणारी तार सोडून देतो. बैठकीच्या खोलींत कदाचित् निभावेल. ओल्या गोठ्यांत, धार काढण्याच्या यंत्राशेजारीं, माणूस अनवाणी आणि जनावर खुंट्यास बांधलेलें असतां नव्हे.

सरसकट सर्वच परदेशी वस्तु टाकाऊ, असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० असें लिहिलेलें असतें, तीं उपकरणें, भ्रमणध्वनीचे व संगणकाचे चार्जर बहुधा असेच, दोन्हीकडे चालतात. त्यांस फक्त दांड्या जुळवणें पुरें. म्हणून मुलांस आधींच कळवावें कीं, वस्तु घेण्यापूर्वीं मागची पाटी वाचा व तिचें छायाचित्र पाठवा. त्यावर नुसते १२० व ६० असतील आणि यंत्रांत मोटार असेल, तर तेवढ्या पैशांत येथें २३० वर चालणारें यंत्र घेणेंच आम्हांस बरें वाटतें. त्याचे सुटे भागही तालुक्याच्या गांवीं मिळतात.

आपल्या संघानें खरेदी करून दिलेल्या प्रत्येक यंत्राच्या पावतीवर दाब व आवर्तनें मराठींत लिहिण्याची पद्धत पाडावी, अशी आमची सूचना आहे. खर्च शाईचा.

आमच्या पेटीचें बाहेरचें आवरण अद्याप शाबूत आहे. तींत सध्यां कांद्याचें बीं ठेवलें आहे.