नायरा, कोरिया आणि बिबवेवाडीतलं एक ऑफिस: डेटा घरात आणल्यावर पुढे काय?

जुलै २०२५ च्या अखेरीस मामांचा फोन आला. मामा कर सल्लागार आहेत, बिबवेवाडीत त्यांचं चार माणसांचं ऑफिस आहे. पेपरातली एक बातमी वाचून ते अस्वस्थ झाले होते. "अगं, एवढ्या मोठ्या कंपनीचं ईमेल एका दिवसात बंद करतात. मग माझं काय? माझ्या सगळ्या क्लायंटची कागदपत्रं तिकडेच आहेत."

बातमी नायरा एनर्जीची होती. मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला. रशियाच्या रोसनेफ्टचा कंपनीत ४९.१३ टक्के हिस्सा आहे, म्हणून १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघाने नायरावर निर्बंध लावले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीची सेवा थांबवली. आउटलुक बंद, टीम्स बंद. पूर्ण पैसे भरलेली लायसन्स असूनही आम्हाला आमच्याच डेटापासून तोडलं, असं म्हणत नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ३० जुलैच्या सुमारास सेवा पुन्हा सुरू झाली आणि वाद तिथे थांबला. पण तोपर्यंत देशातल्या बऱ्याच आयटीवाल्यांच्या डोक्यात मामांचाच प्रश्न येऊन गेला होता.

त्यानंतर "आपला डेटा आपल्याच घरात ठेवा" असा सल्ला सगळीकडे सुरू झाला. नॅसचे व्हिडिओ, जुन्या पीसीचा सर्व्हर कसा करायचा याचे लेख. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे हाताशी धडधाकट जुने पीसीही बरेच आले. सल्ला चुकीचा नाही, मीही मामांकडे तेच केलं. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग मला चुका करून कळला, म्हणून हा लेख.

आधी मामांचा इतिहास

मामा क्लाउडवर हौसेने गेले नव्हते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत पाणी शिरलं. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. मामांचं तेव्हाचं ऑफिस अरण्येश्वरच्या बाजूला तळमजल्यावर होतं. माणसं सुखरूप राहिली, पण कॉम्प्युटर आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही चिखलात गेली. मूळ प्रत आणि बॅकअप यांच्यात जेमतेम तीन फुटांचं अंतर होतं.

त्यानंतर ऑफिस वर बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर आलं आणि डेटा क्लाउडवर गेला. सहा वर्षं बरी गेली. मग नायराची बातमी आली आणि मामांना डेटा परत घरी हवासा वाटला. एका भीतीने घराबाहेर गेलेली वस्तू दुसऱ्या भीतीने घरात येत होती.

नॅस म्हणजे काय, आणि आयस्कझी म्हणजे काय?

साध्या आयपी नेटवर्कवरून, म्हणजे ऑफिसातल्या राउटर-स्विच-केबलवरूनच, स्टोरेज वापरायच्या मुख्य पद्धती दोन.

मार्केट यार्डाचं उदाहरण घेऊ. एका पद्धतीत गोदामाचा मेहताजी बसलेला असतो. तुम्ही सांगता, "अमुक पोतं द्या." तो वहीत नोंद करतो आणि आणून देतो. वही एकच, मेहताजीही एकच, त्यामुळे दहा व्यापारी आले तरी गोंधळ होत नाही. हे नॅस. तुम्ही फाइल मागता, डिस्कवर ती कुठे आहे हे नॅस बघतो. विंडोजसाठी एसएमबी आणि लिनक्ससाठी एनएफएस या त्याच्या बोलीभाषा.

दुसऱ्या पद्धतीत तुम्हाला आख्खा रिकामा गाळाच मिळतो. आत काय कुठे ठेवायचं, वही कशी लिहायची, ते तुमचं तुम्ही बघा. हे आयस्कझी. पूर्वी कॉम्प्युटरच्या पोटातल्या डिस्कला दिले जाणारे स्कझीचे आदेश यात टीसीपी-आयपीच्या पाकिटात घालून नेटवर्कवरून पाठवतात. २००४ मध्ये हे प्रमाणित झालं. गाळा देणारा तो टार्गेट, घेणारा इनिशिएटर, आणि गाळ्याचा नंबर म्हणजे लन. विंडोजला ही डिस्क स्वतःच्या पोटातलीच वाटते, म्हणून व्हर्च्युअल मशीन आणि डेटाबेससाठी ही पद्धत उत्तम.

पहिली चूक मी इथेच केली. नॅस बसवताना "जास्त वेगवान" म्हणून टॅलीच्या डेटासाठी आयस्कझीचा लन तयार केला आणि मामांच्या मशीनला जोडला. छान चाललं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "मलाही ती ड्राइव्ह पाहिजे." मी त्यांच्या मशीनवरूनही तोच लन जोडून दिला.

आता एका गाळ्यात दोन व्यापारी होते आणि प्रत्येकाची वही वेगळी. एकाने ठेवलेलं दुसऱ्याच्या वहीत नाही, म्हणून दुसऱ्याने त्याच जागेवर आपला माल रचला. संध्याकाळपर्यंत काही फोल्डर एका मशीनवर दिसत होते आणि दुसऱ्यावर नाही. रात्री विंडोजने डिस्क "दुरुस्त" करायला घेतली आणि काही फाइल्स कायमच्या गेल्या. क्लाउडवरची प्रत अजून काढली नव्हती म्हणून निभावलं. नॅसने एकदा इशाराही दिला होता की एकापेक्षा जास्त जोडण्या धोकादायक आहेत. मी ओके दाबलं होतं.

नियम सोपा आहे: अनेकांनी वापरायचं तर एसएमबीचं शेअर. आयस्कझी एका सर्व्हरसाठी, त्याचं नेटवर्क शक्यतो वेगळं, चॅपचा पासवर्ड लावलेला, आणि वायफायवरून कधीच नाही. क्लस्टरसाठी खास बनवलेल्या फाइल सिस्टिम दोन वह्यांचा प्रश्न सोडवतात, पण चार माणसांच्या ऑफिसला त्यांची गरज नसते.

उभारणी एका शनिवारची

उभारणी अवघड नाही. दोन डिस्कचा डबा, त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून. म्हणजे वापरायला चारच टीबी मिळतात, पण एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. राउटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की पत्ता बदलतो आणि सगळ्यांच्या ड्राइव्हवर लाल फुली येते. प्रत्येकाला वेगळं युजरनेम दिलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड रोजच्या कामात वापरायचा नाही, हे बजावलं.

वेळ खाल्ला तो स्विचने. मामांचा डेटा सुमारे ६०० जीबी. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे दीड तासाचं काम. प्रत्यक्षात वेग ११ एमबीच्या पुढे जाईना, म्हणजे पंधरा तास. कारण कपाटामागचा स्विच जुना, १०० एमबीपीएसचा. तो बदलला तरी एक मशीन हळूच. तिथल्या केबलच्या आठ तारांपैकी एक तुटलेली होती, आणि अशा वेळी जोडणी गुपचूप १०० वर उतरते. नवी नॅस "स्लो आहे" म्हणून परत करण्याआधी स्विच आणि केबल तपासा.

यूपीएसही हवाच. दुरुस्तीसाठी पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे आपल्याला नवं नाही. फक्त यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडा. मग बॅटरी उतरत आली की नॅस स्वतःच नीट बंद होते.

इथून पुढे खरी गोष्ट

शनिवारी संध्याकाळी मामा खूश होते. "झालं ना? आता आपला डेटा आपल्याकडे." मीही "झालं" म्हणाले. तेव्हा खरं तर काहीच झालं नव्हतं. तीन बातम्या बघा.

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्क जगभर एकाएकी रिकाम्या झाल्या. २०१५ पासून त्यांना अपडेट मिळत नव्हते, पण त्या इंटरनेटला जोडलेल्याच होत्या. जुन्या त्रुटींतून कोणीतरी आत शिरून फॅक्टरी रीसेट दाबलं.

जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोरांनी क्यूनॅपच्या नॅसवर हल्ला केला. थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या मशीनवरच्या फाइल्सना कुलूप लागलं आणि किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले गेले. "घरून फाइल दिसावी" म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडलेले लोक यात सापडले.

तिसरी बातमी सर्वांत मोठी. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांचं जी-ड्राइव्ह नावाचं सामायिक स्टोरेज जळालं. ८५८ टीबी डेटा होता आणि बाहेर कुठेही बॅकअप नव्हता, कारण दिलं गेलं ते असं की आकार फार मोठा आहे. स्टोरेज सरकारचं स्वतःचं, देशातलंच, तज्ज्ञांच्या देखरेखीखालचं. तरी गेलं.

नायरापाशी डेटा परक्याच्या हातात होता म्हणून अडचण आली. कोरियात तो स्वतःच्याच हातात होता, पण एकाच ठिकाणी होता. मामांच्या २०१९ च्या खणातल्या डिस्कची गोष्टही हीच. म्हणून "क्लाउड की घर?" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. प्रती किती आहेत, किती अंतरावर आहेत, आणि कोण बघतंय, हे तीन प्रश्न महत्त्वाचे.

आरशातल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत, हेही इथेच सांगते. एकीवरची फाइल चुकून डिलीट केली की दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. चूक, चोरी, आग, पाणी आणि खंडणी यांपासून नाही.

मामांकडे आता काय आहे

नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट निघतो. ही फाइल्सची गोठवलेली अवस्था. साध्या युजरच्या मशीनवर व्हायरस आला तरी त्याला ती बदलता येत नाही, फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्या हाती लागता कामा नये. रात्री एक प्रत कुलूपबंद होऊन माझ्या धायरीच्या घरातल्या जुन्या पीसीवर येते. किल्ली मामांकडे, म्हणजे मलाही त्यांच्या क्लायंटची पॅनकार्डं दिसत नाहीत. दर महिन्याला एक यूएसबी डिस्क भरून काढून ठेवली जाते. आणि हो, क्लाउडही ठेवलाय. तो आता एकमेव प्रत नाही, इतकाच फरक.

राउटरमध्ये एकही पोर्ट उघडलेला नाही. बाहेरून काम करायचं तर वायरगार्डवर चालणारं व्हीपीएन. आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले स्वतंत्र सार्वजनिक आयपी देत नाहीत, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग नसतो. टेलस्केलसारख्या सोयी तिथेही चालतात.

कायदाही याच दिशेने सरकतोय. कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, असा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आला. त्याआधी शब्द "ठरावीक काळाने" असा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. डेटा कुलूपबंद ठेवणं, कोणी काय उघडलं याची नोंद ठेवणं आणि बॅकअप हे त्यात सुरक्षेच्या किमान अपेक्षांत आहेत. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. छोट्या ऑफिसला तेवढा दंड कोणी करणार नाही, पण "आमच्याकडे नॅस आहे" हे उत्तर पुरणार नाही, हे नक्की.

आणि माझी दुसरी चूक

ही सगळी व्यवस्था लावून मी निर्धास्त झाले. डिसेंबरमध्ये मामांनी सहज विचारलं, "एखादी फाइल परत काढून दाखव ना." धायरीच्या पीसीवर बघितलं तर शेवटची प्रत एकोणीस दिवसांपूर्वीची. मध्ये मी त्या पीसीचा पासवर्ड बदलला होता आणि नॅसला नवा सांगायला विसरले होते. नॅस दररोज रात्री इमानेइतबारे चुकीचा ईमेल पाठवत होती, पण मी सेटअपच्या वेळी टाकलेल्या, आता कोणीच न उघडणाऱ्या पत्त्यावर.

तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. इशारे मामांच्या फोनवर येतात, कारण डेटा त्यांचा आहे. आणि दर तीन महिन्यांनी, वीज नसलेल्या एखाद्या गुरुवारी ऑफिसचं काम थांबलेलं असतं तेव्हा, मामा माझ्या घरी येतात. जुन्या पीसीवरून स्वतःच्या हाताने एक फाइल परत काढतात आणि उघडून बघतात. मागच्या वेळी त्यांनी २०१८-१९ चं एका क्लायंटचं रिटर्न काढलं. ते २०१९ च्या पुरातून वाचलेलं नव्हतं, पुरानंतर क्लायंटकडून पुन्हा मागून स्कॅन केलेलं होतं. पान तिरपं आलंय, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा दिसतोय. मामांनी ते पूर्ण वाचलं, बंद केलं आणि डायरीत तारीख लिहिली.

तुमच्याकडे नॅस असेल, नसेल, सगळं क्लाउडवर असेल, तरी आज एवढंच करा. महत्त्वाची एक फाइल निवडा आणि मूळ मशीनला हात न लावता ती परत काढून बघा. नाही निघाली, तर कामाला कुठून सुरुवात करायची हे तुम्हाला तिथेच कळेल.