गीझर, कूलर आणि साहेबाचा हीट पंप

बरेच दिवस लिहायचं म्हणतोय, पण रिलीज, मग त्या रिलीजचे बग्ज, मग आजारी पडणं... असो. आज शनिवार, लॅपटॉपवर ऑफिसची विंडो बंद आहे.

परवा इंग्लंडहून माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, व्हिडिओ कॉल आला. स्वारी खूश! घरातला गॅसचा बॉयलर काढून त्याने हीट पंप बसवला. तिथलं सरकार २०२३ च्या ऑक्टोबरपासून यासाठी ७,५०० पाउंड देतं म्हणे. फोन घेऊन तो बागेत गेला आणि भिंतीजवळ ठेवलेला पंखेवाला पांढरा डबा कौतुकाने दाखवला. मागून आई म्हणाली, "अरे, हे तर एसीचं बाहेरचं डबडं!"

आईने इंजिनिअरिंग केलेलं नाही, पण उत्तर शंभर टक्के बरोबर. एसी म्हणजे हीट पंपच. तो थंडी "तयार" करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दादाचं मशीन तेच काम उलट्या दिशेने करतं: बाहेरच्या ५ डिग्रीच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतं. हमाल जसा सामान बनवत नाही, फक्त वाहून नेतो, तसं. म्हणून एक युनिट वीज खाऊन ही यंत्रं तीन-साडेतीन युनिट उष्णता हलवतात. आपला बाथरूममधला गीझर मात्र एका युनिटमधून एकच युनिट उष्णता देतो. २ किलोवॅटची कॉइल, दुसरं काही नाही.

आता गंमत बघा. संभाजीनगरच्या डिसेंबरमधल्या सकाळी बाहेर १२-१५ डिग्री असतं. म्हणजे हीट पंपाला दादाच्या बागेपेक्षा आपली गच्ची कितीतरी सोयीची! आणि आपण मात्र गीझर घेतो.

पण लगेच दुकानात धावू नका. मी हिशेब केला. हिवाळ्यात माणशी २० लिटरची एक बादली, पाणी १८ वरून ४२ डिग्रीवर न्यायचं, तर सुमारे ०.५६ युनिट. चार माणसांचे महिन्याला ६७ युनिट. हीट पंपाने ते २२ वर येतील, म्हणजे ४५ वाचले. तेही चारेक महिनेच, कारण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी असंच चटके देतं :) आणि हीट पंपवाला गीझर साध्याच्या कितीतरी पट महाग. एकट्या घराला हे परवडत नाही. ज्यांच्या गच्चीवर सोलर हीटर आहे, त्यांनी तर याचा विचारही करू नये. शंभर पोरांचं होस्टेल, हॉस्पिटल, पन्नास फ्लॅटची सोसायटी, तिथे मात्र एकेकाने गीझर लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आमच्या घरातलं खरं भांडण उन्हाळ्याचं आहे.

बाबांचा एसीला विरोध. "आम्ही काय मेलो का कूलरमध्ये?" पत्र्याचा मोठा कूलर, दरवर्षी नवं गवत, आणि पासष्टीत पाण्याच्या बादल्या उचलून तो भरणारे बाबा. कूलर वाईट नाही हो. आपल्या कोरड्या हवेत तो भन्नाट चालतो. ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २६ च्या आसपास हवा देतो. पाणचक्कीला गेलात तर हौदाखालच्या दालनात उतरा. डोक्यावर पाण्याचा हौद, म्हणून खाली ऐन उन्हाळ्यातही गार. या गावाने गारवा नेहमी पाण्याकडूनच उसना घेतलाय.

प्रश्न पाण्याचाच आहे. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, तरी आमच्या गल्लीत मागच्या मे महिन्यात टँकर घ्यावा लागला. त्याच टँकरचं पाणी कूलरला! एक दिवस मी चक्क मोजलं. सकाळी ११ ते संध्याकाळी ६, पंधरा लिटरच्या चार बादल्या. साठ लिटर.

एसीला पाणी लागत नाही, असं मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि वीज काय हवेतून येते?" मुद्दा रास्त! औष्णिक वीजकेंद्र पाणी पितंच. पाण्याअभावी २०१५ साली परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. म्हणून तोही हिशेब केला. त्याच वर्षी केंद्राने कूलिंग टॉवरवाल्या जुन्या केंद्रांना मर्यादा घातली: एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर. आता दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी सात तासांत साधारण साडेपाच युनिट घेईल असं धरू. म्हणजे वीजकेंद्रात १९-२० लिटर पाणी. कूलरचा पंखा आणि मोटर सुमारे दीड युनिट, म्हणजे पाच लिटर, अधिक आपल्या चार बादल्या. पासष्ट विरुद्ध वीस!

हा कागद बघून बाबा गप्प बसले. (दहा मिनिटं. मग म्हणाले, "बिल चौपट येईल त्याचं काय?") तेही खरंच. त्यासाठी गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं माझं म्हणणं आहे. एसीची भूक आणि ऊन एकाच वेळी असतात, शिवाय २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. पॅनेलची वीज असेल तर वीजकेंद्रातलं पाणीही वाचलं.

म्हणून माझं मत: ज्या घरात नळाचं पाणी भरवशाचं आहे, तिथे एप्रिल-मेमध्ये कूलरच वापरा. टँकर येतो तिथे एक खोली, एक एसी, २६ डिग्री आणि जोडीला पंखा. १८ वर लावून गोधडी घेणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. जूनमध्ये ढग आले की कूलर नुसता चिकचिकाट करतो, तेव्हा तर प्रश्नच नको. आणि घेताना गॅस कोणता ते विचारा. आर-३२ हा जुन्या आर-४१०ए पेक्षा बरा, आर-२९० त्याहून बरा. २०१२ पासून आर-२९० चे एसी आपल्याकडे विकले जातायत, पण आपण अजून फक्त रिमोटचा रंग बघतो.

उद्या ताईच्या सोसायटीची मीटिंग आहे, सामायिक हीट पंपावर. मला "एक्स्पर्ट" म्हणून बोलावलंय, समोशांचं आमिष दाखवून. आणखीही लिहिणार होतो, पण खालून बाबांची हाक आली. नळ आलाय!