मुक्त व्यावसायिकाचे पहिले वर्ष : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षांस खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली, यांचे सेवेशी,



ज्यांना दरमहा ठरलेल्या तारखेला वेतन मिळत नाही, ज्यांच्या नावाची पाटी कोणत्याही कचेरीच्या दारावर नाही, आणि तरीही जे केवळ आपल्या लेखणीच्या, कुंचल्याच्या, आवाजाच्या किंवा संगणकाच्या बळावर आपला चरितार्थ चालवितात, अशा तरुण मुक्त व्यावसायिकांच्या वतीने हे पत्र मी आपणांस लिहीत आहे. पुण्यात भाषांतराचा आणि ग्रंथसंपादनाचा व्यवसाय मी दीर्घकाळ करीत आलो असल्यामुळे, नोकरी सोडून किंवा नोकरीच्या वाटेला मुळीच न जाता या क्षेत्रात नव्याने उतरणारी मुले-मुली मार्च महिना जवळ आला की आपापली कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येतात. आणि कर चुकविण्याची युक्ती विचारायला त्यांच्यापैकी कोणी आलेले मला आठवत नाही, तो बिनचूक कसा भरावा एवढेच त्यांना हवे असते, ही गोष्ट मी आरंभीच पूर्ण जबाबदारीने नमूद करतो.

पत्रास निमित्त नव्या कायद्याचे आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या अधिनियमाने घेतली, आणि 'मागील वर्ष' व 'निर्धारण वर्ष' या जोडीमुळे नवागताचा जो गोंधळ उडत असे तो 'कर वर्ष' या एकाच संज्ञेने संपुष्टात आणला, याबद्दल मंडळाचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. परंतु कलमांची भाषा सुबोध झाली तरी त्यांतील आशय बव्हंशी पूर्वीचाच राहिला आहे, आणि त्या आशयात नव्याने व्यवसाय करू लागलेल्या माणसाची जागा अद्याप नीटशी ठरलेली नाही, असे माझे नम्र मत आहे.

नोकरदाराच्या कराचा सारा भार त्याच्या कचेरीतील हिशेबनीस वाहतो. वर्षभराचे उत्पन्न किती होईल याचा अंदाज बांधून, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट देऊन, जेवढा कर होईल तेवढाच महिन्यामहिन्याने पगारातून कापला जातो, आणि कर होतच नसेल तर कापलाही जात नाही. मुक्त व्यावसायिकाला प्रमाणित वजावट नसावी हे समजण्यासारखे आहे, कारण त्याला आपल्या व्यवसायाचा प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो. परंतु त्याच्या मोबदल्यातून कर कापताना तो करास पात्र आहे की नाही याची मुळी विचारपूसच होत नाही, ही गोष्ट मात्र समजण्यासारखी नाही. एखाद्या संस्थेकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक मोबदला मिळणार असला की एकूण बिलावर सरसकट दहा टक्के टीडीएस, असा दंडक आहे. वर्षाकाठी नऊ लाख रुपये मिळविणारी एखादी चित्रकर्ती घ्या. रंग, कागद, संगणक, जागेचे भाडे यांपैकी एका रुपयाचाही खर्च तिने दाखविला नाही, तरी नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर माफ असल्यामुळे तिची करदेयता शून्य ठरते. आणि असे असूनही, तिचे सारे काम दोन-तीन मोठ्या संस्थांकडचे असेल, तर तिचे ९०,००० रुपये सरकारजमा झालेले असतात. एप्रिलमध्ये कापली गेलेली रक्कम, वर्ष संपून, विवरणपत्र भरून, त्याची छाननी होऊन, तिच्या खात्यात परत येईपर्यंत सव्वा वर्षाहून अधिक काळ लोटतो. ज्या व्यवसायात बिल मंजूर होण्यासच महिनोन्‌महिने लागतात, त्याच्या पहिल्या वर्षात उत्पन्नाचा दहावा हिस्सा अडकून पडणे म्हणजे काय, हे घरभाडे थकलेल्या माणसालाच कळेल.

बँकेतील ठेवीच्या व्याजाच्या बाबतीत कायद्याने या अडचणीवर उपाय योजलेला आहे. ज्याचा कर शून्य आहे असा इसम 'पंधरा-जी' या नावाने सर्वांना परिचित असलेले साधे घोषणापत्र देतो आणि बँक कर कापीत नाही. व्यावसायिक मोबदल्याला ही सोय नाही. त्यासाठी कमी दराने किंवा शून्य दराने कपात करण्याचा दाखला अधिकाऱ्याकडून मिळविण्याची तरतूद आहे खरी, परंतु ज्याचे मागील वर्षांचे विवरणपत्रच नाही, ज्याला येत्या वर्षी काम कोण देणार हेच ठाऊक नाही, त्याने आपल्या उत्पन्नाचा अंदाज कोणत्या आधारावर मांडावा? माझी पहिली मागणी अशी, की ज्या मुक्त व्यावसायिकाचे अंदाजित उत्पन्न करमाफीच्या मर्यादेत आहे त्याला व्याजाप्रमाणेच मोबदल्याच्या बाबतीतही स्वतःच्या सहीचे घोषणापत्र देण्याची मुभा असावी, आणि ते खोटे ठरल्यास कायद्यात जो दंड आहे तो खुशाल वसूल करावा. सरकार नागरिकाला परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज देते, तेही सामान्यतः वर्ष संपल्यानंतरच्या एप्रिलपासून. नागरिकाकडून मात्र आगाऊ कराच्या थकबाकीवर महिन्याला एक टक्का घेते. ज्या व्यवहारात दोन्ही पक्ष एकमेकांचे कधी ऋणको तर कधी धनको होतात, त्यात व्याजाचे दोन दर असावेत हे मला न्यायाला धरून वाटत नाही.

याहूनही दुःखद प्रकार असा की, कर कापला जातो पण सरकारात पोहोचत नाही. एका तरुण चित्रकाराने साठ हजारांचे बिल दिले, खात्यात चोपन्न हजार जमा झाले, आणि जुलैमध्ये सव्वीस-एएस हे कर-जमेचे विवरण पाहिले तर त्यात उरलेल्या सहा हजारांचा मागमूसही नव्हता. संबंधित प्रकाशकाने पैसे भरले नव्हते की तिमाही विवरणात पॅनचा एखादा अंक चुकविला होता, याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही, कारण त्याच्या पत्रांना उत्तरच आले नाही. कापलेल्या कराची मागणी पुन्हा करदात्याकडे करू नये, हे तत्त्व १९६१ च्या अधिनियमाच्या कलम २०५ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेले होते, आणि २०१५ साली खुद्द मंडळानेही आपल्या अधिकाऱ्यांना त्याची आठवण करून दिली होती. परंतु बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातील यंत्र फक्त नोंदींची रुजुवात करते. नोंद नसेल तर श्रेय नाही, आणि श्रेय नाही म्हणून तगादा. त्या चित्रकारापाशी बिलाची स्थळप्रत होती, बँकेचा उतारा होता, प्रकाशकाचा ईमेल होता. हा दस्तऐवजी पुरावा विवरणपत्राबरोबरच सादर करता यावा, आणि तो सादर झाल्यानंतर कसुरीची चौकशी ज्याने कर कापला त्याच्याकडे व्हावी, एवढी व्यवस्था मंडळाला सहज करता येईल. सहा हजार रुपयांसाठी वकील देणे कोणालाच परवडत नाही, आणि म्हणून असे सहा हजार मुकाट्याने दुसऱ्यांदा भरले जातात.

आता ज्या विषयाने मला अधिक व्यथित केले आहे त्याकडे वळतो. २०१६ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या अधिनियमात कलम ४४ एडीए हे अत्यंत उपकारक कलम आणले, त्यामुळे लहान व्यावसायिकाला कीर्द-खतावणीच्या जाचातून मोकळे होऊन एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येऊ लागली; ५० लाखांची मर्यादा पुढे, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर, ७५ लाखांपर्यंत वाढविली गेली; आणि आगाऊ कराचे चार हप्ते जाऊन १५ मार्च ही एकच मुदत राहिली. परंतु ही तरतूद सर्व व्यवसायांना लागू नाही. विधी, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, गृहसजावट आणि मंडळाने अधिसूचित केलेले माहिती-तंत्रज्ञानासारखे काही व्यवसाय, एवढ्यांनाच ती लागू. १९७७ च्या अधिसूचनेने चित्रपट-कलावंतांचा समावेश या यादीत झाला, आणि त्या व्याख्येत नट, दिग्दर्शक, गायक यांच्याबरोबर कथालेखक, गीतकार, पटकथाकार आणि संवादलेखक हेही आले. म्हणजे एकाच मेजावर बसून जो सकाळी चित्रपटाचे संवाद लिहितो तो यादीत आहे, आणि दुपारी जो कादंबरीचे भाषांतर करतो तो यादीत नाही. मग ते दोघे एकच व्यक्ती का असेनात!

यादीबाहेरच्या भाषांतरकाराने, मुद्रितशोधकाने, ग्रंथचित्रकाराने काय करावे, या प्रश्नाला आज निरनिराळी उत्तरे मिळतात. एक सनदी लेखापाल सांगतात की यादीतल्या एखाद्या व्यवसायाशी आपल्या कामाचे साम्य दाखवून निम्मे उत्पन्न लिहावे. दुसरे सांगतात की हा व्यवसाय नसून धंदा आहे, तेव्हा पूर्वीच्या कलम ४४ एडीच्या तरतुदीचा आधार घेऊन जमेच्या सहा किंवा आठ टक्के नफा दाखवावा. तिसरे, आणि मला वाटते तेच कायद्याशी अधिक प्रामाणिक असतील, सांगतात की दोन्ही मार्ग सोडून रीतसर जमाखर्च ठेवावा, कारण उत्पन्न अडीच लाखांवर गेले की ते बंधनकारकच आहे. एकाच बाईचा, एकाच वर्षाचा, एकाच कामाचा हिशेब तीन दारी तीन प्रकारचा होतो. त्यातच काम देणाऱ्यांपैकी एक संस्था तिच्या बिलातून व्यावसायिक मोबदला म्हणून दहा टक्के कापते आणि दुसरी कंत्राटी काम म्हणून एकच टक्का, तेव्हा आपण नक्की कोण आहोत हे सरकारच्या दप्तरावरूनही तिला कळत नाही. सहा टक्के नफा दाखवून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो, हे आपण जाणता. भाषांतरकाराचा खर्च तो कितीसा, शब्दकोश, वीज, इंटरनेट! ज्या मुलीने तो मोह आवरून सर्व उत्पन्न खरे खरे लिहिले, तिला कायद्याने निदान आपण बरोबर केले एवढी खात्री तरी द्यावयास नको काय? यादीत भर घालण्याचा अधिकार कायद्याने मंडळालाच दिलेला आहे. लेखन, भाषांतर, संपादन, मुद्रितशोधन, चित्रण आणि निवेदन हे व्यवसाय एका अधिसूचनेने तीत घालावेत, आणि तसे करणे इष्ट वाटत नसेल तर ते कोणत्या सदरात मोडतात हे एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. सवलतीपेक्षा निश्चिती मिळाली तरी आमचे निम्मे काम होईल.

करप्रणाली बदलण्याच्या नियमातही असाच भेद आहे. नोकरदाराला जुनी की नवी हा विचार दरवर्षी नव्याने करता येतो, व्यावसायिक उत्पन्न असलेल्याने मात्र नवी सोडून जुनी स्वीकारली की परत येण्याची संधी एकदाच. ज्याचे उत्पन्न दरवर्षी सर्वाधिक हेलकावे खाते त्यालाच निवड सर्वांत कमी, हा क्रम उलटा आहे.

शेवटची विनंती आगाऊ करासंबंधी. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपयांवर जात असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखांना अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरणा पूर्ण झाला पाहिजे; आणि ही दहा हजारांची मर्यादा २००९ पासून आहे तेथेच आहे. परदेशी संस्थेकडून किंवा खाजगी व्यक्तीकडून येणाऱ्या मोबदल्यावर बहुधा टीडीएस कापलाच जात नाही, आणि नोकरीतून बाहेर पडलेल्या तरुणाला, हा कर आता आपण होऊन वर्षाच्या आतच भरायचा असतो, हे कोणी सांगितलेलेच नसते. त्याला ते प्रथम कळते ते व्याजाच्या आकड्यावरून. परंतु त्याच्या एखाद्या तरी मोबदल्यातून टीडीएस कापला गेला असेल, तर मंडळाला मात्र त्याची खबर आधीच मिळालेली असते. एखाद्या पॅनवर आयुष्यात प्रथमच व्यावसायिक मोबदल्याची नोंद झाली की ती तिमाही विवरणातून आपल्या दप्तरी येते, आणि जूनअखेरच्या तिमाहीचे विवरण ३१ जुलैपर्यंत दाखल व्हावयाचे असते. ती नोंद दिसताच त्या व्यक्तीच्या नावे एक साधे पत्र जावे. महाराष्ट्रातल्या माणसाला ते मराठीत जावे. त्यात चार तारखा, जमाखर्चात काय लिहून ठेवावे, सव्वीस-एएस कधी पाहावे, विवरणपत्राचा नमुना तीन की चार, आणि शंका असेल तर कोणत्या कचेरीत कोणाला भेटावे, एवढे असले म्हणजे पुरे. हे पत्र सप्टेंबरच्या पंधरा तारखेपूर्वी हाती पडले, तर पहिल्या वर्षीचे किमान तीन हप्ते वेळेवर भरता येतील.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक भाषांतरकार