“पण त्याला हा आजार झालाच कसा?”



१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला होता, म्हणून दृढीकरणाच्या वर्गात आम्ही मुलांना डॉमिनिक डिसोझा यांची गोष्ट सांगत होतो. ती पुरी होण्याआधीच एका मुलाने विचारले, “पण त्यांना हा आजार झालाच कसा?” मुलाचा दोष नाही. हाच प्रश्न तो घरी, चर्चच्या पायऱ्यांवर, मातीहून परतल्यावर चहा पिताना ऐकत आला आहे. प्रश्न आपला आहे, आणि तो विचारणे आपण बंद केले पाहिजे.

डॉमिनिक गोव्याचे. नियमित रक्तदान करणारा तरुण. १९८९ साली त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. गुन्हा काहीच नव्हता. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात बाधिताला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. ६४ दिवस त्यांना क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात एकटे डांबून ठेवले. त्यांच्या आई ल्युसी यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सुटल्यावर डॉमिनिक बाधितांसाठी झटले, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली, आणि १९९२ मध्ये प्रभूकडे गेले.

ते कुलूप ६४ दिवसांनी उघडले. आपल्या धर्मग्रामातले कुलूप अजून तसेच आहे.

आपण दया दाखवतो, पण आधी चौकशी करून. रक्त चढवताना लागण झाली? बिचारा. आईकडून बाळाला झाली? बिचारे लेकरू. आणि बाकीचे? तिथे आपण गप्प होतो. ‘बिचारे’ आणि ‘भोगतायत आपल्या कर्माची फळे’ अशा दोन रांगा आपण लावल्या आहेत. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, असेच विचारले होते. प्रभूने दोषी शोधायला साफ नकार दिला. कुष्ठरोग्याला तर त्याने कसलीही विचारपूस न करता हात लावला.

कोणी म्हणेल, मग पापाला पाप म्हणायचेच नाही का? जरूर म्हणावे. पण पापनिवेदनात आपण स्वतःची पापे सांगतो, शेजाऱ्याची नव्हे. शेजाऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट हा धर्मशिक्षणाचा विषय नाही.

या प्रश्नाने माणसे मरतात, हे आम्ही जपून शब्द वापरून लिहीत आहोत. एचआयव्ही हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही. एआरटीची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. ती रोज न चुकता घेतली आणि रक्तातले विषाणू तपासणीत सापडू नयेत इतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर आईला वेळेवर उपचार मिळाले तर बाळ बहुतेक वेळा निरोगी जन्मते. २०१७ च्या कायद्याने नोकरी, शाळा, दवाखाना आणि भाड्याचे घर यांत बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

औषध आहे, कायदा आहे. मग अडते कुठे? गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपवावी लागते तिथे. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून माणूस जवळचे केंद्र सोडून दूरच्या गावी जातो, गाडीभाड्याला पैसे नसले की तारीख चुकवतो, तिथे. गोळ्या पुन्हा पुन्हा चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. नवऱ्याकडून लागण झालेली सून तर सासरी तोंडही उघडू शकत नाही. घराबाहेर काढतील, ही भीती असते. तिलाही आपण तेच विचारणार का, कसा झाला?

त्यापेक्षा दुसरे प्रश्न विचारू या. औषध वेळेवर मिळते का? केंद्रावर सोबत येऊ का? मुलांना तेवढा वेळ आमच्या घरी ठेवता का? आणि कोणी विश्वासाने काही सांगितले, तर ते प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही बाहेर फोडू नये.

त्या मुलाला आम्ही एवढेच म्हटले, “ते विचारायचे आपल्याला कारण नाही.” वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “त्यांना भेटायला कोण जात होते?”

हा प्रश्न विचारण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.